आरपीजी खेळांचे संगीत: खेळ न खेळता त्याचा आस्वाद घेता येतो का?

योगेश्वरी_कट्टा (आंबेजोगाई)
संगीत विभागात हा विषय काढावा की नाही याबद्दल थोडा संकोच होता, तरी विचारतो. मी व्हिडिओ खेळ खेळत नाही आणि साठी उलटल्यावर ते शिकण्याचा उत्साहही नाही. मात्र गेल्या दिवाळीपासून मी आरपीजी (रोल प्लेइंग गेम, म्हणजे कथेतील पात्राची भूमिका घेऊन खेळायचे खेळ) म्हणवल्या जाणाऱ्या खेळांच्या संगीताच्या नादी लागलो आहे. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील दहाव्या खेळाच्या (२००१) आरंभी ‘टू झानारकंड’ नावाची पियानोची रचना वाजते. पुतण्याच्या लॅपटॉपवर ती कानी पडली तेव्हा हा कोणता चित्रपट आहे, असे मी त्याला विचारले. चित्रपट नसून खेळ आहे हे कळल्यावर नोबुओ उएमात्सु या संगीतकाराच्या आणखी काही रचना मी शोधून ऐकल्या.

पुतण्याचे म्हणणे असे की, चाळीस तास खेळल्याखेरीज हे संगीत कळणारच नाही आणि मी ऐकतो ते नुसते सूर आहेत. मला हे मान्य नाही. एखादी बंदिश कोणत्या दरबारात बांधली गेली हे ठाऊक नसले, तरी ती ऐकताना आपले काही अडत नाही. संगीत चांगले असेल तर ते स्वतःच्या पायांवर उभे राहायला हवे. येथील जाणकारांचे मत काय आहे? आणि माझ्यासारख्याने पुढे काय ऐकावे?

गोदातीर (नांदेड)
काका, मी पुतण्याच्या बाजूने आहे. त्याचे कारण ‘फायनल फँटसी’च्या सहाव्या खेळाच्या (१९९४) आधारे सांगतो.

या खेळात सेलेस नावाची एक सेनानी आहे. शत्रुपक्ष सोडून ती नायकांना येऊन मिळते आणि पुढे एका प्रसंगी तिला ऑपेरातील गायिकेच्या जागी रंगमंचावर उभे राहावे लागते. गंमत अशी की, त्या काळच्या सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या खेळयंत्रात मानवी गायन साठवण्याइतकी जागाच नव्हती. त्यामुळे गाण्याचे शब्द पडद्यावर उमटतात आणि आवाजाच्या जागी स्वरासारखा भासणारा एक कृत्रिम ध्वनी चाल गातो. खेळाडूने संहिता आधी वाचून लक्षात ठेवायची असते. पुढची ओळ कोणती ते त्यालाच निवडावे लागते आणि निवड चुकली की प्रयोग फसतो.

या गाण्याची चाल म्हणजे सेलेसचीच धून आहे. तिची कथा समजलेल्या माणसाला ती चाल रंगमंचावर उमलताना ऐकून जे वाटते, ते नुसते ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला वाटणार नाही. तुम्ही चाल ऐकाल आणि ती गोड आहे असे म्हणाल. मी मात्र तेव्हा ओळ चुकू नये म्हणून हातात घाम घेऊन बसलेलो होतो.

रात्रपाळी
चाळीस तास ही सवलत समजावी. ‘पर्सोना ५’ पुरा करायला शंभर तास लागतात आणि तेवढ्या वेळात आमच्या लातुरात नीटच्या अर्ध्या अभ्यासक्रमाची उजळणी होते. वडिलांनी हा हिशेब मला फार पूर्वीच मांडून दाखवला होता.

गंजगोलाई (लातूर)
हा प्रश्न यंत्राच्या अंगाने पाहिल्यास काही गोष्टी सुटतील, असे मला वाटते.

१९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली पहिला ‘फायनल फँटसी’ आला, तेव्हा फॅमिकॉम या त्याआधीच्या यंत्राच्या ध्वनिचिपमध्ये एकूण पाच वाहिन्या होत्या, म्हणजे एका वेळी फार तर पाच आवाज वाजत. दोन चौकोनी तरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक नुसत्या खरखरीची आणि एक मुद्रित नमुन्यांची. त्रिकोणी वाहिनीचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. ती एक तर वाजे किंवा गप्प राही, आणि म्हणून बहुतेक संगीतकार तिला खर्जाच्या कामाला जुंपत. स्वरसंगती हवी असली तर तिचे सूर एकामागोमाग इतक्या वेगाने वाजवायचे की कानाला ते एकत्र असल्याचा भास व्हावा. त्यातून पुन्हा खेळातील तलवारीचे आणि दाराचे आवाज याच वाहिन्यांतून येत, म्हणजे ऐन रंगात आलेला एखादा सूर मध्येच नाहीसा होई.

अशा यंत्रावर वाद्यमेळाच्या भरजरीपणाने वेळ मारून नेता येत नाही. चाल कच्ची असेल तर ती पहिल्या दिवशीच उघडी पडते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कोइचि सुगियामा खेळांकडे वळले तेव्हा वयाच्या पन्नाशीत होते आणि दूरचित्रवाणी व जाहिरातींच्या संगीतात त्यांचे नाव झालेले होते. त्यांनी या मोजक्या वाहिन्यांत पाश्चात्य अभिजात वळणाच्या चाली बांधल्या. त्या इतक्या भक्कम होत्या की १९८७ सालीच टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये त्या खऱ्या वाद्यवृंदाने सादर केल्या. पुढे सुपर फॅमिकॉमवर आठ वाहिन्या आल्या, पण सगळ्या वाद्यांचे नमुने मिळून ध्वनीसाठी ६४ किलोबाइट एवढीच स्मृती होती. आज मोबाइलवर सकाळी येणारे सुप्रभाताचे चित्र त्याहून जड असते.

म्हणून काका, जुन्या खेळांपुरते तुमचे म्हणणे मला पटते. त्यांतली चाल स्वतःच्या पायांवर उभी राहिली, कारण तिला टेकायला दुसरे काही नव्हतेच.

रागिणी_औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर)
मी गायन शिकवते. माझे दोन विद्यार्थी रियाजाला येताना कानांत हेच संगीत घालून येतात, त्यामुळे नाइलाजाने मीही बरेच ऐकले आहे. माझे मत थोडे कडू वाटेल.

गंजगोलाई यांनी सांगितलेल्या जुन्या चालींबद्दल मला आदर आहे. परंतु नंतरच्या पुष्कळ खेळांत हॉलिवूडच्या वाद्यवृंदाची नक्कल चालते. खाली ढोलांचा गडगडाट, वर पितळी वाद्ये आणि कळस म्हणून कोणत्या तरी अगम्य भाषेतील समूहगान. ‘स्कायरिम’ (२०११) या खेळाच्या मुख्य धुनेसाठी तीस गायकांचा वृंद तीनदा ध्वनिमुद्रित करून नव्वदांचा भास निर्माण केला, असे विद्यार्थ्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. नव्वद माणसांनी एकाच वेळी अंगावर येणे ही संगीतातील प्रगती आहे, असे मी समजत नाही. त्याच खेळातील गावांत आणि रात्रीच्या आभाळाखाली वाजणारे संथ संगीत मला अधिक बरे वाटले, कारण ते ऐकणाऱ्याला दरडावत नाही.

दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा आहे. दीड-दोन मिनिटांची रचना संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्याकडे मुखडा पुन्हा येतो तो काहीतरी नवे घेऊन येतो. येथे तीच रचना जशीच्या तशी फिरत राहते. मग तिला संगीत म्हणावे की घरातला रंग?

तुळजापूरचा_ठेका
रागिणीताईंच्या दुसऱ्या आक्षेपावर मला बोलायचे आहे. आमच्या घराण्यात गोंधळ आहे. मी स्वतः नोकरी करतो, पण संबळ हातातून सुटलेले नाही.

गोंधळाचे आख्यान किती वेळ चालेल हे आधी ठरलेले नसते. माणसे रंगली तर कथा पसरते आणि यजमानाला घाई असली तर ती आवरती घ्यावी लागते. संबळवादकाची नजर मुख्य गोंधळ्यावर खिळलेली असते. तो बोलायला थांबला की ठेका नुसता तेवत ठेवायचा आणि देवीचे नाव आले की चढवायचा. म्हणजे वेळ ज्याच्या हातात नाही, त्याने वाजवण्याची ही विद्या आहे. आरपीजीच्या संगीतकारापुढे नेमका हाच पेच असतो. खेळाडू एखाद्या गावात दोन मिनिटे थांबेल किंवा दुकानात ढाल घ्यावी की चिलखत, या विचारात पाऊण तास घालवील, हे संगीतकाराला कळण्याचा मार्ग नसतो. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंगाची लांबी सेकंदापर्यंत ठाऊक असते. याला ती कधीच मिळत नाही.

यातून पुढे जी वाट निघाली ती ‘नियर ऑटोमाटा’ (२०१७) या खेळात छान दिसते. केइचि ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रचनेचे शांत, मध्यम आणि भरलेले असे थर तयार केले आणि गायनाचा थर वेगळा ठेवला. प्रसंग तापला की खेळ हे थर एकमेकांत मिसळतो. खेळात शत्रूच्या यंत्रात शिरण्याचा एक लहानसा उपखेळ आहे. तो सुरू होताच चालू असलेली रचना त्याच ठिकाणापासून फॅमिकॉमसारख्या जुन्या आठ बिटी आवाजात वाजू लागते आणि बाहेर आल्यावर पुन्हा पूर्ववत होते. ताल एका मात्रेनेही चुकत नाही. हे पहिल्यांदा घडले तेव्हा मी खेळ सोडून केवळ ते ऐकण्यासाठी आतबाहेर करत बसलो होतो. ताईंना त्यातील अगम्य भाषेचे गाणे मात्र चालणार नाही, कारण एमी इव्हान्स यांनी त्या मालिकेतील कित्येक गाणी मुद्दाम रचलेल्या, अस्तित्वात नसलेल्या भाषांत गायली आहेत. अर्थ लागत नसल्यामुळे संवाद वाचताना ती आड येत नाहीत, हा मला दिसलेला त्याचा फायदा आहे.

रागिणी_औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर)
तुळजापूरकर, गोंधळाचा दाखला सुंदर आहे, पण तो मला पूर्ण पटत नाही. तुमचा संबळवादक समोरच्या माणसाचा चेहरा वाचतो. यंत्र मात्र कोणी आधी लिहून ठेवलेला नियम पाळते. खेळाडू रडतो आहे की जांभई देतो आहे, हे त्याला काय कळणार?

तुळजापूरचा_ठेका
हे मान्य आहे. मात्र पहाटे तीन वाजता आमच्या संबळवादकालाही समोरच्याची जांभई दिसेनाशी होते, एवढे नम्रपणे नोंदवतो.

वसमत_रोड (परभणी)
पुनरावृत्तीबद्दल एक बारकावा कोणी सांगितलेला नाही. जुन्या आरपीजीमध्ये माळरानावर चालताना दर थोड्या पावलांनी अचानक लढाई सुरू होते. लढाई संपली की पुष्कळ खेळांत माळरानाची धून पुन्हा अगदी पहिल्या सुरापासून वाजते. याचा परिणाम असा की, त्या धुनेचे पहिले वीस सेकंद खेळाडूला तोंडपाठ होतात आणि उत्तरार्ध त्याच्या कानी क्वचितच पडतो. लढाईच्या धुनेचेही तसेच आहे, कारण किरकोळ लढाई अर्ध्या मिनिटात आटोपते. संगीतकार हे जाणून असतात. म्हणून लढाईची धून सुरू होतानाच एखादी जोरकस सुरावट फेकून मान पकडते, आस्थाई वगैरे सावकाशीने मांडत बसत नाही. ध्वनिमुद्रण सलग ऐकणाऱ्याला ही घाई विनाकारण वाटेल आणि खेळणाऱ्याला तिचे कारण अंगवळणी पडलेले असेल.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाला माझे उलटे उत्तर आहे. खेळाडूंनाच हे संगीत पुरते ऐकायला मिळत नाही. ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) मधील काही धुनांचा शेवट मी खेळ सोडल्यानंतर कित्येक वर्षांनी प्रथम ऐकला. आमच्याकडे भारनियमन असे आणि शेवटच्या सेव्हनंतरचे सगळे वीज जाताच पाण्यात जाई, हे त्याचे आणखी एक कारण आहे. एका राक्षसाची धून मला इतकी पाठ आहे की तो राक्षस महावितरणाच्या वेळापत्रकापुढे काहीच नव्हता, असे आता वाटते.

गोदातीर (नांदेड)
‘क्रोनो ट्रिगर’चा विषय निघालाच आहे तर यासुनोरी मित्सुदा यांची हकिगत सांगायला हवी. ते ‘फायनल फँटसी’ काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीत ध्वनिपरिणामांच्या कामावर होते. संगीत करायला मिळाले नाही तर नोकरी सोडीन, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले आणि हा खेळ त्यांच्या वाट्याला आला. कामाच्या भरात हार्ड डिस्क बिघडून त्यांच्या तयार होत असलेल्या कितीतरी रचना गेल्या आणि पुढे पोटाच्या व्रणांनी ते आजारी पडले. राहिलेल्या रचना उएमात्सुंनी पुऱ्या केल्या.

पैठणचा_पोरगा
भूमिका घेऊन खेळायचे म्हणाल तर आमच्या एकनाथांनी सोळाव्या शतकातच भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशा सगळ्या भूमिका करून दाखवल्या आहेत. जपानला हक्काचे पैसे मागायला हवेत.

रात्रपाळी
मराठवाड्यावरची आरपीजी निघाली तर सेव्ह करण्याची जागा रसवंती असावी आणि संगीत म्हणून चरकाचे घुंगरू वाजावेत. शेवटचा राक्षस मे महिन्यातील दुपार.

गंजगोलाई (लातूर)
विनोद बाजूला ठेवून सांगतो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. तो काटेकोर अर्थाने आरपीजी नाही, पण त्यात भारतीय वाद्यांचा वापर ऐकण्यासारखा आहे. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. पोलंडच्या ‘द विचर ३’ने (२०१५) पर्सिव्हल या लोकसंगीताच्या वृंदाला बरोबर घेऊन त्या मातीचा घोगरा, खरखरीत आवाज खेळात आणला. ज्या दिवशी कोणी संबळ आणि तुणतुण्याला लढाईच्या धुनेत असे बसवील, त्या दिवशी हा धागा पुन्हा वर काढू.

पैठणचा_पोरगा
‘अंडरटेल’चे (२०१५) नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. टोबी फॉक्स यांनी खेळ आणि संगीत दोन्ही जवळपास एकट्याने केले. अगदी सुरुवातीला कथा सांगताना ‘वन्स अपॉन अ टाइम’ ही साधी, बाळबोध धून वाजते. तीच पुढे अनेक रचनांत वेगवेगळ्या वेशांत येते आणि शेवटाकडे ‘होप्स अँड ड्रीम्स’ या लढाईच्या धुनेत पूर्ण वेगाने परत येते. काकांना खेळायचे नसेल तर या दोन रचना लागोपाठ ऐकाव्यात. नाते कानालाच कळते.

योगेश्वरी_कट्टा (आंबेजोगाई)
आपण सर्वांनी इतके भरभरून लिहाल अशी अपेक्षा नव्हती. सुचवलेले बरेचसे ऐकले, आता माझे मत सांगतो.

‘अंडरटेल’च्या दोन रचनांतील नाते खरोखरच कोणी न सांगताही कळले असते. सेलेसची धून आणि तिचे ऑपेरातील गीत यांचेही तसेच. आधी धून ऐकली, मग कृत्रिम आवाजातील मूळ गीत आणि शेवटी वाद्यवृंदासह खऱ्या गायिकेने गायलेले. आश्चर्य म्हणजे मला मूळचा कृत्रिम आवाज अधिक भावला. खऱ्या गायिकेच्या आवाजात ते गीत इतर शेकडो ऑपेरांच्या रांगेत जाऊन बसते. मूळ ध्वनीत मात्र गाऊ न शकणारे यंत्र गाण्याची धडपड करते आणि त्या धडपडीत सेलेसची अवस्था आपोआप येते. तिलाही कुठे गायिका व्हायचे होते? हे मला गोदातीर यांनी प्रसंग सांगितल्यामुळे जाणवले, एवढे मी कबूल करतो. पण त्यासाठी मला प्रसंग ठाऊक असणे पुरले, खेळणे लागले नाही. आख्यान ठाऊक असलेला श्रोता आणि आख्यानात उभा राहिलेला माणूस यांत फरक आहे, आणि रसिक म्हणून मला पहिली जागा पुरेशी वाटते.

रागिणीताईंचा ‘घरातला रंग’ हा शब्दप्रयोग मात्र मला अन्यायकारक वाटला. गावांच्या धुना मी कामे करताना लावून पाहिल्या. तास-तासभर ऐकूनही ज्या धुना डोके उठवत नाहीत, त्यांत चालीचा शेवट असा बांधलेला असतो की तो आरंभाकडेच ओढ घेतो आणि सांधा कोठे आहे हे शोधावे लागते. हे कौशल्य बैठकीच्या संगीतात फारसे लागत नाही, म्हणून आपण त्याला गुण द्यायला चुकतो.

रागिणी_औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर)
सांध्याचा मुद्दा मी मान्य करते. तो विद्यार्थ्यांना ऐकवून पाहिला आणि त्यांनाही सांधा पटकन सापडला नाही. नव्वद गायकांबद्दलचे माझे मत कायम आहे.

वसमत_रोड (परभणी)
काकांच्या बाजूने एक पुरावा देतो. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या आरंभधुनेवर. मागोमाग ‘फायनल फँटसी’ची विजयधून आणि ‘क्रोनो ट्रिगर’मधील रचनाही वाजल्या. जगभर पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे खेळ कधी हातात धरले नसतील, तरी मिरवणुकीचे संगीत म्हणून ते कोणाला खटकले नाही. २०२५ सालचा खेळसंगीताचा ग्रॅमीही विनिफ्रेड फिलिप्स यांना ‘विझर्ड्री’ या जुन्या आरपीजीच्या नव्या आवृत्तीसाठीच मिळाला.

गोदातीर (नांदेड)
खटकले नाही हे खरे, पण ती विजयधून ऐकताच मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि शेजारी बसलेल्या आईने विचारले, भारताचा चमू आला का? पाहणारे आम्ही दोघे होतो, धून एकच होती. माझा मुद्दा एवढाच आहे.

काका, हट्ट म्हणून नव्हे, पण ऑपेराचा तो एक प्रसंग तरी स्वतः खेळून पाहा. जुन्या लॅपटॉपवरही चालेल. पुतण्याला म्हणावे की तिथपर्यंतचा खेळ त्याने पुढे नेऊन सेव्ह करून द्यावा.

योगेश्वरी_कट्टा (आंबेजोगाई)
पुतण्याला विचारले. तो म्हणतो की तिथपर्यंत पोहोचायला त्याला दोन रविवार लागतील आणि दरम्यान संहिता पाठ करून ठेवण्याचे काम माझ्याकडे राहील. ओळी कोणी तरी येथे टाकाव्यात.